जारवा दिसले का?

अंदमानहून परत आलं की लोक समुद्राबद्दल विचारत नाहीत. राधानगरचा किनारा, स्कूबा, काचेच्या तळाची बोट हे सगळं नंतर. पहिला प्रश्न एकच: "जारवा दिसले का?"

आईच्या मैत्रिणीने विचारला. ऑफिसच्या लिफ्टमध्ये विचारला गेला. सोसायटीच्या सेक्रेटरीकाकांनी तर पार्किंगमध्ये गाडीची काच खाली करून विचारला. ताडोब्याहून आलेल्या माणसाला "वाघ दिसला का?" म्हणून विचारतात ना, डिट्टो तोच सूर. आणि "नाही" म्हटलं तर चेहऱ्यावर तीच हळहळ... अरेरे, पैसे वाया गेले बिचाऱ्याचे. मग "आम्हाला बाई चार दिसले, दोन लहान मुलं होती" हे ऐकून घ्यायचं.

तर मंडळी, आज जरा भांडायचंय. आणि सुरुवात स्वतःपासून करतो, म्हणजे तुम्हाला दगड मारायला सोपं जाईल.

पहिल्यांदा गेलो तेव्हा मीही बाराटांगला गेलो होतो. सहा दिवस पाच रात्री, आयटिनररीत छापलेलं: "चुनखडीच्या गुहा व चिखलाचा ज्वालामुखी". पहाटे साडेतीनला हॉटेलसमोर गाडी. का, तर जिरकाटांगच्या नाक्यावरून पहिला ताफा निघतो तो गाठायचा असतो. तिथे अंधारात गाड्यांची ही मोठी रांग, चहा-वड्याच्या टपऱ्या, गळ्यात कॅमेरे, झोपाळलेली पोरं. फलकावर नियम: गाडी थांबवायची नाही, फोटो काढायचे नाहीत, खायला द्यायचं नाही, काचा वर ठेवायच्या. मग पुढे-मागे पोलिसांची गाडी घेऊन सगळा ताफा जारवांच्या राखीव जंगलातून निघतो. गुहा चांगल्या आहेत, नाही असं नाही. ज्वालामुखी म्हणजे बुडबुडे येणारा चिखल. पण गाडीतल्या एकाही माणसाला गुहांची उत्सुकता नव्हती हे मी शपथेवर सांगतो. पुढच्या सीटवरचे एक काका वीस मिनिटांनी ओरडले, "डावीकडे, डावीकडे!" आणि सगळी गाडी डावीकडे झुकली. रस्त्याच्या कडेला एक बाई आणि कमरेएवढं एक मूल उभं होतं. तीनेक सेकंद. मुलाने आमच्याकडे बघितलं. मी हात हलवला.

हात का हलवला ते मला आजतागायत सांगता येत नाही. कोणी अनोळखी माणूस माझ्या बिल्डिंगच्या गेटसमोरून बसमधून जाताना माझ्या मुलीकडे बघून हात हलवायला लागला, आणि त्यामागे तसल्याच आणखी पन्नास गाड्या असल्या, तर मी काय करीन ते मात्र सांगता येतं.

पोर्ट ब्लेअरचं (२०२४ पासून अधिकृत नाव श्री विजयपुरम) मानववंशशास्त्र संग्रहालय त्या ट्रिपमध्ये आमच्याही यादीत होतं, "वेळ मिळाल्यास" या सदराखाली. वेळ मिळाला नाही, कारण एम्पोरियममध्ये शिंपल्यांच्या माळा घ्यायच्या होत्या. दुसऱ्या खेपेला मुद्दाम एकटा गेलो. नाममात्र तिकीट, आत फोटो काढायला बंदी. मला वाटतं या फोटोबंदीमुळेच आपल्या लोकांना तिथे काही "करण्यासारखं" वाटत नाही. मी होतो त्या वेळात एक कुटुंब आलं आणि झोपड्यांच्या प्रतिकृती बघून बारा मिनिटांत बाहेर पडलं. बारा हा आकडा अंदाजे नाही, मी घड्याळ बघितलं. (हो, मी तसला माणूस आहे.)

मी अडीच तास होतो. आणि त्यातला बराच वेळ एका कपाटासमोर होतो, जिथे बाण होते.

आपण शाळेपासून ऐकत आलोय की अंदमानचे आदिवासी म्हणजे "अश्मयुगात अडकलेले" लोक. वर्तमानपत्रांचा तर हा आवडता शब्द. आता बाणाचं टोक बघा. लोखंड आहे! या बेटांवर कोणी लोखंड वितळवत नव्हतं. ते आलं फुटलेल्या जहाजांमधून, आणि नंतर वसाहतीतून पळवलेल्या सामानातून. ते ठोकून, घासून टोकं केली. उत्तर सेंटिनेलजवळ १९८१ साली 'प्रिमरोज' नावाचं मालवाहू जहाज खडकावर अडकलं, तर तिथल्या लोकांनी त्याचंही लोखंड कामाला लावलं. आता मला सांगा, कागदपत्रं नाहीत, मॅन्युअल नाही, शिकवायला कोणी नाही, समुद्रातून एक अनोळखी पदार्थ वाहत आला आणि या लोकांनी त्याचे गुणधर्म ओळखून आपल्या बाणाचं डिझाइन बदललं. आमच्या क्षेत्रात असं करणाऱ्याला सीनियर आर्किटेक्ट म्हणतात. यांना अश्मयुगीन म्हणतात.

झाडाच्या सालीचं छातीवर बांधायचं कवच आहे, जारवा पुरुष शिकारीला जाताना वापरतात ते. ओंगे बायकांचे तंतूंचे पिवळे झुबकेदार कटिवस्त्र. वेताच्या टोपल्या, लाकूड कोरून केलेली मधाची भांडी. निकोबारी लोकांच्या लाकडी मूर्ती, दुष्ट आत्म्यांना पळवून लावण्यासाठी घरात ठेवत त्या. निकोबारची बाजूला तोल सांभाळणारा दांडा जोडलेली नाव, तिला तिकडे होडीच म्हणतात! एकदम मालवणात आल्यासारखं वाटलं.

आणि एक गोष्ट मला लाजिरवाण्या उशिरा कळली. 'जारवा' हे त्यांचं नावच नाही. ते स्वतःला 'आंग' म्हणवतात. जारवा हा शेजारच्या दुसऱ्या जमातीच्या भाषेतला शब्द, अर्थ 'परके' असा काहीसा. इंग्रजांनी शेजाऱ्यांना विचारलं, हे कोण? ते म्हणाले, परके. झालं, लिहून टाकलं रजिस्टरमध्ये. दीडशे वर्षं आपण त्यांच्याच जंगलात त्यांना परके म्हणतोय आणि वर विचारतोय, परके दिसले का?

ज्या शेजाऱ्यांनी तो शब्द दिला त्यांचं काय झालं? ग्रेट अंदमानी असं ज्यांना एकत्रितपणे म्हणतात त्या दहा जमाती. १८५८ च्या सुमाराला हजारोंच्या संख्येत होते. १९०१ च्या जनगणनेत ६२५. १९६१ मध्ये १९. एकोणीस! आमच्या टीमच्या दुपारच्या डब्याच्या टेबलावर याहून जास्त माणसं असतात.

हे आकडे आपण कसे सांगतो बघा. "लोकसंख्या घटत गेली." "जमात नामशेष झाली." मराठीतली ही वाक्यं मोठी सोयीची असतात, कर्ता लागतच नाही त्यांना. आमच्याकडे प्रॉडक्शन सिस्टिम कोसळली की दुसऱ्या दिवशी रिपोर्ट लिहावा लागतो. त्यात कोणी "डेटा डिलीट झाला" असं लिहिलं तर माझी जुनी मॅनेजर लाल पेनने विचारायची: "झाला? की केला? कोणी, कधी, कुठल्या कमांडने?" अंदमानच्या बाबतीत हा प्रश्न आपण विचारत नाही. कारण मग उत्तर ऐकावं लागेल, आणि ते निव्वळ "इंग्रजांनी" असं नाही.

मार्च १८५८. सत्तावनच्या उठावातले दोनशे कैदी घेऊन वॉकर नावाचा डॉक्टर अधिकारी चॅटम बेटावर उतरला. कैद्यांनी जंगल तोडायला सुरुवात केली. तोडायला लावली म्हणा. ते जंगल ज्यांचं होतं त्यांनी हल्ले सुरू केले. कैदी पळून जायचे, पकडले गेले तर वॉकर फाशी द्यायचा. एकाच दिवशी ऐंशीहून जास्त माणसं त्याने लटकवली. त्या पळालेल्यांत दूधनाथ तिवारी नावाचा एक शिपाई होता. त्याच्या टोळीतल्या बहुतेकांना अंदमानींनी मारलं, याला मात्र जखमी अवस्थेत जिवंत ठेवलं, आपल्यात घेतलं, बरं केलं, लग्न लावून दिलं. वर्षभर तो त्यांच्यात राहिला. आणि मे १८५९ मध्ये, अंदमानी लोक सगळी ताकद एकवटून वसाहतीवर चालून येणार हे कळल्यावर, हा पळत वॉकरकडे गेला आणि खबर दिली. १७ मे १८५९ ची ॲबरडीनची लढाई ती हीच. धनुष्यबाण विरुद्ध बंदुका, तेही समोरचा तयारीत. तिवारीला बक्षीस म्हणून माफी मिळाली.

म्हणजे इंग्रजांविरुद्ध उठाव केलेला माणूस, इंग्रजांविरुद्ध उठलेल्या दुसऱ्या लोकांना इंग्रजांच्याच हवाली करून घरी गेला. मी त्याला शिव्या घालणार नाही. काळ्या पाण्यावरून सुटायची किंमत म्हणून मी काय काय दिलं असतं मला माहीत नाही. पण या लढाईचं स्मारक पोर्ट ब्लेअरमध्ये समुद्राकाठी आहे, जेट-स्कीची तिकिटं मिळतात त्याच परिसरात, आणि तिथून रोज शेकड्याने मराठी माणूस जातो. किती जण थांबतात?

पुढे १८६३ मध्ये रॉस बेटावर 'अंदमान होम' सुरू झालं. पकडून, लालूच दाखवून आणलेल्या अंदमानींना "सुधारायचं" ठिकाण. तिथून आणि वसाहतीच्या संपर्कातून रोग पसरले, उपदंश, मग १८७७ मध्ये गोवर. १८८० मध्ये पोर्टमन नावाच्या अधिकाऱ्याने उत्तर सेंटिनेलवरून एक म्हातारं जोडपं आणि चार मुलं उचलून आणली. म्हातारा-म्हातारी पोर्ट ब्लेअरमध्ये आजारी पडून मेली. मुलांना भेटवस्तू देऊन परत सोडलं. ती मुलं सोबत काय घेऊन गेली असतील त्याचा हिशेब कोणाकडे नाही. सेंटिनेली लोक आज किनाऱ्यावर येणाऱ्यावर बाण का रोखतात याचं "गूढ" सांगणारे व्हिडिओ लाखो लोक बघतात. गूढ कसलं डोंबलाचं! २०२५ च्या मार्चमध्ये एक अमेरिकन तिथे गुपचूप जाऊन नारळ आणि कोकचा कॅन ठेवून आला, तो पकडला गेला. आपण हसलो त्याला. बाराटांगच्या ताफ्यातून चिप्सचं पाकीट बाहेर टाकणारे आपलेच, त्यांना कोण हसणार?

आता नाजूक विषय. सेल्युलर जेल.

मी तिथे दोनदा गेलो आणि दोन्ही वेळेला सावरकरांच्या कोठडीसमोर गप्प झालो. १९११ ते १९२१, दहा वर्षं त्या तेवढ्याशा जागेत. कोलू बघितला. ज्याला तिथे काही होत नाही त्याच्याशी मला वाद घालायचा नाही. पण आपलं अंदमान त्या फाटकापाशी सुरू होतं आणि संध्याकाळच्या ध्वनिप्रकाश कार्यक्रमाला संपतं, हे मला खटकतं. १८९६ साली बांधकाम सुरू झालं आणि १९०६ मध्ये तुरुंग पूर्ण झाला, म्हणजे वॉकर उतरल्यानंतर तब्बल अठ्ठेचाळीस वर्षांनी. तोपर्यंत भोवतालच्या जंगलातली माणसं बहुतांशी संपली होती. आपल्या वीरांना ज्या बेटावर कोंडलं ते बेट आधी कोणाकडून तरी हिसकावलेलं होतं. ही एवढी गोष्ट मनात ठेवून कोठडीसमोर उभं राहिलं तर आदर कमी होत नाही. माझा तरी झाला नाही. उलट ज्या साम्राज्याशी ते लढत होते ते नेमकं काय चीज होतं हे अंगावर येतं. म्हणून म्हणतो, आधी संग्रहालय, मग जेल. त्याच दिवशी, त्याच क्रमाने.

"पण संग्रहालय म्हणजे तरी काय वेगळं? जिवंत माणसांना काचेत ठेवलंय!" हा आक्षेप माझ्या एका हुशार मित्राने घेतला आणि मी दोन दिवस त्यावर विचार केला. खरं आहे. ज्यांच्या वस्तू तिथे आहेत त्यांना कोणी विचारलं नव्हतं. पण काचेपलीकडच्या टोपलीला माझ्या खोकल्यातून गोवर होत नाही. जारवांना होतो, १९९९ आणि २००६ मध्ये त्यांच्यात गोवर पसरला. काचेपलीकडच्या टोपलीकडे मी तासभर बघत राहिलो तर कोणाचं मूल रस्त्यावर हात पसरून उभं राहायला शिकत नाही. आणि तिथे मला वाचावं लागतं, विचारावं लागतं, कंटाळा आला तरी थांबावं लागतं. गाडीतून तीन सेकंद बघून मला काय कळलं होतं? ते काळे आहेत आणि आम्ही बघितले. बस.

दुसरा आक्षेप नेहमीचा: "आम्ही नाही गेलो तरी ताफे चालूच राहणार." याचा इतिहास थोडा सांगायला हवा, कारण त्यात आपल्याकडचे लोक आहेत. अंदमान ट्रंक रोड जारवांच्या जंगलातून काढला गेला, तोही त्यांचा विरोध असताना. अंदमानातली 'सेन' ही संस्था, पुण्यातून काम करणारी कल्पवृक्ष आणि मुंबईची बीएनएचएस या तिघांनी मिळून कोर्टाची पायरी चढली. ७ मे २००२ ला सर्वोच्च न्यायालयाने जारवा राखीव क्षेत्रातून जाणारा रस्त्याचा भाग बंद करायचा आदेश दिला. २००२! ताफे त्यानंतरही चालू राहिले. २०१२ च्या जानेवारीत जारवा बायकांना पर्यटकांसमोर नाचायला लावल्याचा व्हिडिओ जगभर गेला, मग आरडाओरडा झाला, कायदा कडक झाला, फोटो काढणाऱ्याला तुरुंगवासाची तरतूद झाली. २०१३ मध्ये कोर्टाने पर्यटकांना रस्ता काही आठवडे बंद केला आणि पुन्हा उघडला. रस्त्यावर स्थानिकांचा दवाखाना, बाजार, शाळा अवलंबून आहे, हे प्रशासनाचं म्हणणं अगदीच खोटं नाही. मायाबंदरच्या माणसाला तो रस्ता लागतो. मला आणि तुम्हाला नाही लागत. आपण बाराटांगला नाही गेलो तर फक्त एक चिखलाचा बुडबुडा हुकतो.

अजून एक गोष्ट सांगतो. जानेवारी २०१० मध्ये बोआ सीनियर नावाच्या आजी वारल्या. 'बो' भाषा बोलणाऱ्या त्या शेवटच्या. जेएनयूच्या अन्विता अब्बी यांनी त्यांच्याकडून आणि इतर काही वृद्धांकडून ग्रेट अंदमानी भाषांचं व्याकरण नोंदवून घेतलं, म्हणून आपल्याला निदान कळलं तरी. त्या व्याकरणात सगळं शरीरावर उभं आहे. शरीराचे सात विभाग, आणि जवळजवळ प्रत्येक शब्दाला त्यांपैकी कुठल्या ना कुठल्या विभागाचा प्रत्यय, मग तो शब्द नात्याचा असो, वस्तूचा की क्रियेचा. मी हे वाचलं त्या रात्री झोपलो नाही. आयुष्यभर टाइप सिस्टिम्सवर वाद घालण्यात घालवलेल्या माणसाला हे केवढं मोठं घबाड आहे! आणि ती भाषा जिला येत होती ती बाई शेवटची काही वर्षं पक्ष्यांशी बोलायची, कारण तिची भाषा समजणारं माणूस उरलं नव्हतं.

२०१० मध्ये मी नोकरीत होतो, दोन मॉनिटर होते माझ्याकडे, दिवसभर बातम्या वाचायचो. ही बातमी मला आठवत नाही.

असो. गेल्या महिन्यात टीममधल्या एका मुलाने लग्नानंतर अंदमानला जायचं म्हणून आयटिनररी तपासायला पाठवली. चौथा दिवस: बाराटांग. मी तो खोडला, तिथे संग्रहालय टाकलं, स्मारक टाकलं, उरलेला अर्धा दिवस नुसतं कुठेतरी समुद्राकाठी बसा असं लिहिलं आणि वरचं हे सगळं थोडक्यात कळवलं. त्याचं उत्तर आलं, "थँक्स दादा. पण म्युझियममध्ये फोटो काढता येतात ना?"

नाही रे बाबा. म्हणूनच जा म्हणतोय.